गड्ड्यावरचे लाकडी घोडे

प्रभुप्रकटनाचा सण आटोपला, गव्हाणीतल्या मूर्ती कपाटात गेल्या, की सोलापुरात आम्हां मुलांना होम मैदानाचे वेध लागत. मकरसंक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. बाराव्या शतकातील या शिवयोग्याच्या स्मरणार्थ सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. अक्षता सोहळा, होमविधी, शोभेचे दारूकाम होते. मैदानावर भरणारा बाजार म्हणजे ‘गड्डा’. तो मात्र साऱ्या गावाचा. तेथेच आम्हांला लाकडी घोड्यांचा पाळणा भेटला.

मधल्या खांबाभोवती दांड्यांना टांगलेले ते घोडे. कुणाचा रंग उडालेला, कुणाचा कान तुटलेला. पाळणेवाला हातांनी ढकलून वेग देई व चटकन बाजूला सरे. गिरणीकामगाराचा मुलगा, वकिलाची कन्या आणि मिस्साहून परतलेले आम्ही एकाच वर्तुळात फिरत असू. त्या शर्यतीत पहिला कोणी नव्हता, शेवटचाही नव्हता.

या निरागस खेळण्याचे मूळ मात्र रक्तरंजित आहे. मध्ययुगीन युरोपात सरदार घोड्यांवरून भाल्यांनी झुंजत व त्यात माणसे मरत. ११३९ साली दुसऱ्या लॅटरन परिषदेने अशा झुंजींचा निषेध केला. त्यांत मरणाऱ्यांना ख्रिस्ती दफनही नाकारले. तरी हौस सुटेना. १५५९ साली फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री भाल्याची चीप डोळ्यात घुसून दगावला. पुढे माणसाऐवजी टांगलेली कडी भाल्याने टिपण्याचा खेळ मान्यता पावला. १६६२ साली चौदाव्या लुईने पॅरिसमध्ये घोडेस्वारांचा थाटाचा सोहळा केला. त्यावरून ते ठिकाण आजही ‘कारुसेल चौक’ म्हणून ओळखले जाते. कडी टिपण्याच्या सरावासाठी खांबाभोवती लाकडी घोडे फिरू लागले. कालांतराने भाला गळाला, घोडा तेवढा मुलांसाठी उरला. १८६१ च्या सुमारास इंग्लंडच्या जत्रांतून तो वाफेवर फिरू लागला, आणि किंग्ज लिन येथील फ्रेडरिक सॅव्हेज यांच्या कारखान्याने त्याला कीर्ती मिळवून दिली.

शस्त्रे मोडून शेतीची अवजारे घडवणाऱ्या जगाचे स्वप्न यशया संदेष्ट्याने पाहिले. परिषदेच्या बंदीने जे पुरते साधले नाही, ते काळाच्या ओघात खेळाने साधले, असे आम्हांस वाटते. युद्धाचा घोडा बालकाचे वाहन झाला.

आज गड्ड्यावर विजेचे उंच पाळणे झगमगतात. २०२१ साली कोरोनामुळे गड्डा भरला नाही, तेव्हा ओसाड मैदानाकडे पाहताना आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले ते कान तुटलेले लाकडी घोडेच. आणि आठवला तो पाळणेवाला. घोड्यावर बसवताना त्याने कधी कोणाचे आडनाव विचारले नव्हते. नातवंडांना गड्ड्यावर नेताना एवढी गोष्ट आम्ही त्यांना आवर्जून सांगतो.