फोल्डरच्या पोटात फोल्डर

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद १९०४ पासून होते. त्याआधी १८४१ पासून हे काम मुंबईत कुलाब्याला चाले. पण मुंबईत विजेच्या ट्राम येणार, मग त्यांच्या प्रवाहाने उपकरणं बिघडणार, हे ओळखून तेव्हाचे संचालक नानाभाय मूस यांनी वेधशाळा खाडीपलीकडे, अलिबागला हलवली. चुंबकाला न ओढणाऱ्या सामानाची खास इमारत बांधून!

पूर्वी नोंदी प्रकाशचित्राच्या कागदावर उमटत. आज त्या फाइलमध्ये असतात, आणि त्यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे: आधी वेधशाळेची खूण, अलिबागसाठी एबीजी, मग वर्ष, महिना, दिवस. दिवसाला एक फाइल धरली तरी दहा वर्षांच्या साडेतीन हजारांवर होतात. त्या माउसने ओढत वर्षावर्षाच्या फोल्डरांत टाकायच्या म्हणजे शिक्षाच. इथे काळ्या पडद्यावरची आज्ञा कामाला येते.

फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी एक, ही सोय संगणकाला जन्मजात नव्हती. मल्टिक्स या प्रणालीसाठी रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी १९६५ मध्ये अशी कितीही खोल जाणारी रचना मांडली. मल्टिक्समध्ये फोल्डरपर्यंतची वाट लिहिताना नावांच्या मध्ये 'पेक्षा मोठे' हे चिन्ह असे. केन थॉम्पसन वगैरेंच्या युनिक्सने त्या जागी तिरकी रेघ आणली. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत फोल्डर करण्याची 'एमकेडीआयआर' ही आज्ञा होती. फोल्डर बदलण्याची आज्ञा तेव्हा 'सीएचडीआयआर' होती. पुढे झिजून ती 'सीडी' झाली. टंकणाऱ्याच्या आळसाचे उपकारच.

विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीची गोष्ट थोडी विनोदी आहे. १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते आले, पण तोवर तिरकी रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी खर्ची पडली होती. म्हणून उलटी तिरकी रेघ घ्यावी लागली आणि विंडोजच्या वापरकर्त्यांना ती अजून वागवावी लागते.

युनिक्स, लिनक्समध्ये 'एमकेडीआयआर'पुढे उणे चिन्ह आणि 'पी' लिहिलं की वाटेतले नसलेले फोल्डरही तयार होतात. तिथल्या आज्ञा चालवणाऱ्या बॅश या प्रोग्राममध्ये महिरपी कंसात पहिला आणि शेवटचा महिना लिहिला, की वर्षाचे बाराही फोल्डर एका ओळीत उभे राहतात. कित्येकांना ही सोय ठाऊक नसते, ते बारा वेळा टंकत बसतात.

पुसताना मात्र सावध. 'आरएमडीआयआर' फक्त रिकामा फोल्डर काढते. 'आरएम'ला 'आर' हा पर्याय जोडलात, तर आतलं सगळं जातं, आणि तिथे कचरापेटी नसते. तेव्हा नोंदींची दुसरी प्रत आधी काढा, मगच ती आज्ञा द्या.