राजाराम महाराजांची परतीची वाट

परदेशच्या विमानतळावर उतरावें, तेथूनच आगगाडी पकडावी आणि दोन-तीन तासांत दुसरें शहर गांठावें, ही गोष्ट हल्लीं इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, तिच्यांत कांहीं नवल आहे असें कोणास वाटत नाहीं. रोमच्या विमानतळावर सकाळीं उतरलेला कोल्हापूरचा प्रवासी दुपारच्या जेवणास फ्लॉरेन्स शहरीं असूं शकतो. ह्याच फ्लॉरेन्समध्यें इ. स. १८७० च्या नोव्हेंबर महिन्यांत कोल्हापूरचे एक राजे आगगाडीनेंच पोंचले. वय अवघें वीस वर्षांचें. तेथून मायदेशास परतणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. त्यांच्या मृत्यूची हकीकत आपल्याकडे पुष्कळांनीं ऐकली आहे; परंतु ते ज्या वाटेनें तेथवर गेले त्या वाटेचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाहीं. वस्तुतः त्या वाटेंतच ह्या हकीकतीचें बरेंचसें मर्म आहे.

हे राजे म्हणजे करवीरचे छत्रपति राजाराम महाराज. थोरल्या शिवछत्रपतींच्या पुत्राचें नांव राजाराम, आणि पुढें शाहू छत्रपतींच्या पुत्राचेंही राजाराम. त्यामुळें ह्या मधल्या राजारामांची गल्लत नेहमीं होते. त्यांचा जन्म १८५० सालचा. दत्तक येण्यापूर्वींचें नांव नागोजीराव पाटणकर. १८६६ सालीं बाबासाहेब महाराज निवर्तल्यावर ते गादीवर आले. इंग्रजी विद्या त्यांनीं चांगली हस्तगत केली होती. ते इंग्रजींत बोलत, लिहीत, आणि रोजनिशीही इंग्रजींतच ठेवीत. समुद्रोल्लंघन म्हणजे धर्मभ्रष्टता असें मानणाऱ्या त्या काळांत ह्या तरुणानें विलायतेस जाण्याचें मनांत आणलें व १८७० सालीं तें तडीस नेलें. गादीवर असतांना विलायतेस गेलेला पहिला हिंदु राजा म्हणून त्यांची गणना होते. बरोबर आपल्याकडील मंडळी होती आणि देखरेखीस सरकारी अंमलदार कॅप्टन एडवर्ड वेस्ट.

त्या सालीं कोल्हापुरास आगगाडी नव्हती. कोल्हापूरच्या माणसास मुंबईस जावयाचें तर दोन मार्ग. एक घाट उतरून कोंकणच्या एखाद्या बंदरावर जाण्याचा. दुसरा वारणा, कृष्णा, नीरा ओलांडीत कऱ्हाड-साताऱ्यावरून सुमारें दीडशे मैलांची मजल मारून पुण्यास पोंचण्याचा. पुण्यास मात्र आगगाडी १८५८ पासून होती, आणि १८६३ सालीं बोरघाटाचा चढ बांधून पूर्ण झाल्यावर ती एकसलग मुंबईपर्यंत जाऊं लागली होती. बोरघाटांत गाडी एका ठिकाणीं थांबे, एंजिन एका टोकाचें काढून दुसऱ्या टोकास लावीत, व मग गाडी उलट दिशेनें निघे. आपल्या लोकांस डोंगरांतली आगगाडी ठाऊक होती ती एवढीच.

मुंबईहून आगबोट सुएझपर्यंत जाई. सुएझचा कालवा १८६९ च्या नोव्हेंबरांत उघडला होता खरा. परंतु विलायतेची टपाल अद्याप सुएझ बंदरीं उतरून कैरोवरून अलेक्झांड्रियापर्यंत आगगाडीनेंच जात असे. तेथें पुन्हां दुसरी आगबोट, युरोपच्या किनाऱ्यास पुन्हां दुसरी आगगाडी. बोटीचा प्रवास कंटाळवाणा असला तरी सरळ असतो. बोट एकाच कंपनीची, कप्तान एकच. खरी दगदग सुरू होते ती परक्या धक्क्यावर पाऊल ठेवल्यानंतर. हें त्या वेळीं खरें होतें आणि आजही पुष्कळ अंशीं खरें आहे.

इंग्लंडांत महाराज जून महिन्यापासून चार-साडेचार महिने होते. विक्टोरिया राणीची भेट झाली, पार्लमेंट पाहून झालें. ह्या गोष्टी त्यांच्या रोजनिशींत आहेत, आणि ती वाचणारे बहुधा तेवढ्याच शोधतात. त्यांचा विस्तार येथें करण्याचें कारण नाहीं. एवढें मात्र म्हटलें पाहिजे कीं, वीस वर्षांचा मुलगा जें दिसलें तें साध्या शब्दांत टिपून ठेवतो, त्यांत मिरवण्याचा भाव नाहीं. राजेलोकांच्या लेखनांत हा गुण विरळा.

नोव्हेंबरच्या आरंभीं परतीची तयारी झाली. एरवीं सोपी वाट म्हणजे फ्रान्समधून. खाडी ओलांडून पॅरिस, पॅरिसहून मार्सेय, व तेथें आगबोट. परंतु १९ जुलै १८७० रोजीं फ्रान्सनें प्रशियाविरुद्ध लढाई पुकारली होती. सप्टेंबरच्या आरंभीं सेदान येथें फ्रान्सचा बादशहा शत्रूच्या हातीं सांपडला, आणि त्याच महिन्यांत जर्मन फौजांनीं पॅरिसला वेढा घातला. तो पुढील जानेवारीपर्यंत उठला नाहीं. फ्रान्सचे सारे मुख्य लोहमार्ग पॅरिसमध्यें एकत्र येतात. कोळ्याच्या जाळ्याचा मध्य कापला कीं जाळें उरत नाहीं, तशी त्या देशाची अवस्था झाली. हिंदुस्थानची टपालसुद्धां त्या शरदांत फ्रान्स सोडून बेल्जम व जर्मनीवरून, आल्प्स पर्वताच्या ब्रेनर घाटांतून इटलीच्या ब्रिंदिसी बंदरास वळविण्यांत आली. महाराजांची वाटही तीच झाली. बेल्जम, जर्मन मुलूख, ऑस्ट्रियाचें इन्सब्रुक, आणि मग इटली. जी लढाई कोल्हापुराशीं सुतराम संबंध नसलेल्या दोन राष्ट्रांत जुंपली होती, तिनें कोल्हापूरच्या राजास भर हिवाळ्याच्या तोंडीं बर्फाच्या डोंगरांतून जावयास लावलें.

हा प्रवास म्हणजे काय होता ह्याची कल्पना आजच्या माणसास सहजासहजीं यावयाची नाहीं. जर्मन साम्राज्य अद्याप जन्मास आलें नव्हतें. त्याची द्वाही १८ जानेवारी १८७१ रोजीं फिरली. तोंवर प्रशिया निराळें, बव्हेरिया निराळें. बेल्जममध्यें फ्रँक, प्रशियांत थालर, बव्हेरियांत गुल्डन, ऑस्ट्रियांत त्याच नांवाचें पण निराळ्या किंमतीचें नाणें, आणि इटलींत लिरा. घड्याळांचाही तोच प्रकार. बव्हेरियाच्या गाड्या म्यूनिकच्या वेळेवर चालत, इटलीच्या रोमच्या वेळेवर. सरहद्द ओलांडली कीं घड्याळाचा कांटा फिरवावा लागे. सरहद्दीवर उतरावें, सामान उघडून दाखवावें, जकातीच्या शिपायांचें समाधान करावें, आणि दुसऱ्या राज्याच्या गाडींत बसावें. हल्लींच्या प्रवाशास विमानतळावर हा सोपस्कार एकदां करावा लागतो. त्या वेळीं तो दर राज्याच्या वेशीवर होई.

डबेही आजच्यासारखे नव्हते. बहुतेक गाड्यांचे खण परस्परांपासून बंद असत. एका खणांतून दुसऱ्यांत जाण्यास आंतून मार्ग नाहीं, आणि शौचाची सोय तर बहुधा स्टेशनावरच. ऊब म्हणजे पायाखालीं ठेवलेला कढत पाण्याचा पत्र्याचा डबा. तो दोन स्टेशनांत निवे. जेवण म्हणजे गाडी थांबेल तेवढ्या वेळांत स्टेशनावरच्या खानावळींत घाईनें उरकलेले चार घांस. ज्यास आचार सांभाळावयाचा आहे अशा हिंदु प्रवाशास तेंही बंद. चूल पेटवून अन्न शिजविण्यास मुक्काम हवा, आणि मुक्काम म्हणजे एखाद्या शहरांतलें हॉटेल. म्हणून असा प्रवास शहराशहरांवर थांबत, तुकड्यातुकड्यांनींच करावा लागे. घाई करतां येत नसे. आणि थंडी तर रोज वाढत होती.

ब्रेनरचा लोहमार्ग त्या वेळीं नवा होता. १८६७ च्या ऑगस्टांत तो उघडला. आल्प्स ओलांडण्यास त्यानें शिखराखालून बोगदा काढलेला नाहीं. गाडी खिंडीच्या माथ्यावरून, उघड्यावरून जाते. तो माथा समुद्रसपाटीपासून सुमारें साडेचार हजार फूट, म्हणजे आपल्या महाबळेश्वराएवढा उंच आहे. पण उंची तेवढीच असली तरी महाबळेश्वराची थंडी निराळी आणि नोव्हेंबर अखेरची ब्रेनरची निराळी. बर्फ पाहण्याची हौस वेगळी व बर्फांतून निबलेल्या डब्यापाशीं पाय आखडून तासन्‌तास बसणें वेगळें. पलीकडे उतरल्यावरही वाट सपाट नव्हे. बोलोन्याहून फ्लॉरेन्सला जातांना अपेनाईन पर्वत आडवा येतो. त्यावरचा लोहमार्गही १८६४ सालचाच, बोगद्यांमागून बोगदे असलेला.

इन्सब्रुक येथें महाराजांचें दुखणें बळावलें. तेथेंच थांबावयास हवें होतें, असें आज म्हणणें सोपें आहे. परंतु इन्सब्रुक हें चोहोंकडून डोंगरांनीं वेढलेलें, हिवाळ्यांत गारठणारें गांव. ऊब हवी तर ती दक्षिणेकडे, घाटापलीकडे, इटलींत. आणि तेथें जाण्यास आगगाडीशिवाय दुसरें साधन नाहीं. मागें फिरावें तर थंडी व लढाई. ज्या मंडळींवर निर्णयाचा भार होता त्यांना दोष देण्यापूर्वीं नकाशावर एकदां बोट फिरवून पाहावें. शंभर वर्षांमागची गाडी चुकली म्हणून आज स्टेशनमास्तरावर रागावण्यासारखेंच तें होईल.

फ्लॉरेन्स त्या वेळीं इटलीची राजधानी होतें. रोम इटलीच्या ताब्यांत येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, व राजधानी तिकडे हलली ती पुढील सालीं. राजधानी असल्यामुळें तेथें ब्रिटिश वकिलात होती, आणि ह्याचा उपयोग झाला, पण तो निराळ्याच कारणासाठीं. ३० नोव्हेंबर १८७० रोजीं महाराज तेथें निवर्तले.

आतां प्रश्न दहनाचा आला. ख्रिस्ती देशांत प्रेत पुरण्याची चाल. जाळणें म्हणजे तेथील लोकांस अघोर वाटणारी गोष्ट. इटलींतलें पहिलें दहनगृह मिलान शहरीं १८७६ सालीं सुरू झालें. इंग्लंडांतील वोकिंग येथें पहिलें दहन झालें तें तर १८८५ सालीं. त्यापूर्वीं कित्येक वर्षें, भर राजधानींत, एका हिंदु राजाच्या चितेस परवानगी मागावयाची होती. वकिलातीच्या खटपटीनें ती खास बाब म्हणून मिळाली. शहराच्या पश्चिमेस काशिने नांवाचें मोठें उपवन आहे. त्याच्या टोकास, मुन्योने नांवाची लहान नदी जेथें आर्नो नदीस मिळते, तेथें रात्रीच्या वेळीं चिता रचण्यांत आली. पंचगंगेच्या कांठीं वाढलेल्या त्या मंडळींनीं परक्या मुलखांतही दोन नद्यांचा संगमच निवडावा, हें स्वाभाविक होतें. बरोबरच्या लोकांनीं आपल्या विधीप्रमाणें संस्कार केला. फ्लॉरेन्सचे नागरिक थंडींत उभे राहून पाहत होते. अस्थि गंगेंत सोडण्यासाठीं जपून ठेवण्यांत आल्या. जो देह वाटेंतच राहिला त्याच्या अस्थि तेवढ्या उरलेली वाट चालल्या.

महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट ह्यांनीं संपादून १८७२ सालीं लंडनमध्यें छापविली. दहनाच्या जागीं १८७४ सालीं छत्री उभी राहिली. तिच्या खालीं महाराजांचा रंगविलेला अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट ह्या लष्करी इंजिनिअरानें केला. हें नांव कोल्हापूरकरांस परकें नाहीं. कोल्हापूरचा नवा राजवाडा व टाऊन हॉल ह्या इमारती त्याच्याच कल्पनेच्या. टाऊन हॉलच्या बागेंत संध्याकाळीं फिरावयास जाणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल कीं, त्याच हातानें आंखलेली एक वास्तु आर्नो नदीच्या तीरीं उभी आहे? घरीं गादीवर एक लहान मूल दत्तक घेण्यांत आलें, आणि त्या चौथ्या शिवाजी महाराजांचा शेवटही १८८३ सालीं घरापासून दूर अहमदनगरास झाला. पण ती कथा स्वतंत्र सांगावयास हवी. राजाराम महाराजांच्या नांवाचें कॉलेज मात्र कोल्हापुरांत १८८० सालापासून आहे.

महाराजांच्या मृत्यूस एक वर्ष होण्यापूर्वींच, १८७१ च्या सप्टेंबरांत, फ्रान्स व इटली ह्यांच्यामधला मों सेनीचा बोगदा उघडला, आणि टपाल व प्रवासी आल्प्सच्या पोटांतून जाऊं लागले. लढाईही संपली होती. ब्रेनरची वाट टपालीस पुन्हां धरावी लागली नाहीं. कोल्हापुरास आगगाडी यावयास मात्र आणखी वीस वर्षें लागलीं. संस्थानानें स्वतःच्या पैशानें बांधलेला मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला. त्यामुळें शाहू छत्रपति १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठीं विलायतेस जावयास निघाले तेव्हां कोल्हापूरच्या दारांतच गाडी उभी होती.

काशिने उपवनाच्या त्या टोकास फ्लॉरेन्सचे लोक आजही 'इंदियानो', म्हणजे हिंदी माणूस, ह्याच नांवानें ओळखतात. १९७८ सालीं तेथें आर्नो नदीवर तारांनीं तोलून धरलेला मोठा पूल पुरा झाला, आणि त्यालाही तेंच नांव पडलें. शहराबाहेरून येणाऱ्या मोटारी दिवसभर त्याच्यावरून जात असतात, आणि पुलाखालीं झाडींत छत्री आहे.