चीवराचा काटकोन

वस्त्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी रंगांची, नक्षीची आणि जरीच्या पदरांची नोंद मोठ्या आस्थेने केली. परंतु शिवण्यापूर्वी कापड बेतण्याचे जे काम, त्याच्या वाट्याला ती आस्था क्वचितच आली. वास्तविक तुकड्याला तुकडा जोडून जे वस्त्र सिद्ध होते, त्याचे आयुष्य सुईइतकेच, किंबहुना सुईहूनही अधिक, या पूर्वतयारीवर अवलंबून असते. मागावर ताणून बसवलेला उभा ताणा आणि त्याला छेदून जाणारा आडवा बाणा हे जोवर परस्परांशी काटकोन राखून असतात, तोवर कापड दोन्ही दिशांची ओढ निमूटपणे सोसते. पण तेच कापड तिरपे, शिंप्याच्या भाषेत उरेब, कापले की ते ओढीसरशी लांबते, चौकोनाची दोन टोके पुढे सरतात, दोन मागे राहतात, आणि असे तुकडे एकत्र शिवले म्हणजे टाका कितीही बारीक असो, वस्त्राला झोळ आल्याखेरीज राहत नाही.

या ज्ञानाचा आपल्या देशातील अत्यंत जुना आणि तपशीलवार दाखला पाली विनयपिटकात आहे. महावग्गातील कथेप्रमाणे, राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जाताना भगवान बुद्धांची दृष्टी मगधातील शेतांवर गेली. बांधांनी आखलेली, लांब पट्ट्यांत आणि चौकोनांत विभागलेली ती जमीन पाहून, भिक्खूंचे चीवर असे बेतता येईल काय, अशी त्यांनी आनंदाकडे पृच्छा केली. आनंदाने ते बेतले: लांब पट्ट्या, आखूड पट्ट्या, मधली मंडले आणि अर्धमंडले, असे त्याचे खंड ठरले, आणि किमान पाच खंडांचे चीवर हा नियम झाला. त्यामागील कारण मला विशेष मननीय वाटते. शस्त्राने छेदलेल्या कापडाचे मोल उतरते, त्याचा कोणास लोभ सुटत नाही, आणि म्हणूनच ते श्रमणाला शोभते. ज्या हेतूने कापड तुकड्यांत कापले, तो हेतू वैराग्याचा होता. परंतु तुकडे झाल्यावर ते पुन्हा सरळ जोडण्याची विद्या मात्र संघाला नव्याने कमवावी लागली.

ती कशी कमावली गेली, हे विनयपिटकातीलच चुल्लवग्गात टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. आरंभी भिक्खू कापड हातानेच फाडीत, तेव्हा कडा ओबडधोबड होत. म्हणून लहान सुरीची अनुज्ञा मिळाली. कोंबड्याच्या पिसाने आणि बांबूच्या काडीने शिवलेली शिवण बिघडे. म्हणून सुई आली, आणि सुई गंजू नये म्हणून तिच्यासाठी नळीही आली. पुढे भिक्खू जमिनीत ठिकठिकाणी खुंट्या ठोकून, त्यांना कापड बांधून शिवू लागले, तर चीवराची टोकेच वेडीवाकडी होऊ लागली. यावर जी तजवीज झाली ती कठिन नावाच्या चौकटीची. दोऱ्यांनी या चौकटीला कापड चहूकडून सारखे बांधले म्हणजे त्याचे चारही कोपरे जागेवर राहत. टाके समान अंतरावर पडत नाहीत असे दिसले, तेव्हा मापाच्या खुणा करण्याची मुभा मिळाली. शिवण सरळ जात नाही असे दिसले, तेव्हा आधी कच्चा दोरा घालण्याची. आणि बोटाला सुई टोचते असे दिसले, तेव्हा अंगुस्तान्याची. धर्मग्रंथाने शिवणकामाच्या अडचणी इतक्या आपुलकीने ऐकून घेतल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. वर्षावास संपल्यावर होणाऱ्या चीवरदानाच्या विधीलाही याच चौकटीचे नाव मिळाले, आणि त्या विधीतील चीवर एका दिवसात बेतून, शिवून, रंगवून पुरे करावे असा दंडक आहे.

हे कापड येई कोठून, याचे उत्तर महाराष्ट्रापुरते तरी दगडावर कोरलेले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवल्याचा लेख आहे. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे, अशी तिची अट; त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा १ असे व्याज, आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. हिशेब करून पाहावा: वर्षाचे व्याज २४० होते, आणि वाटपही नेमके २४०. हा सर्व ऐवज निगमसभेत जाहीर करून रीतीप्रमाणे फलकावर नोंदवल्याचेही लेख सांगतो. ज्यांच्या मागावर ताणा-बाणा जुळत होता, त्यांच्याच हाती भिक्खूंच्या वस्त्राचा ऐवज सोपवण्यात जो व्यवहारी शहाणपणा आहे, तो आजच्या कोणत्याही न्यासाने शिकण्याजोगा आहे.

चीवराची ही चौकट आणि देशावरील गोधडी यांच्यामध्ये अखंड परंपरा दाखवता येईल असे मी म्हणत नाही. परंतु तुकडे सरळ जोडण्याचा प्रश्न तोच होता, आणि आपल्या बायकांनी तो चौकटीवाचून सोडवला. त्यांना साह्य झाले ते लुगड्याचे. नऊवारी लुगड्याचे आडवे चार भाग केले, तर प्रत्येक भाग सव्वादोन वारांचा, म्हणजे माणसाच्या उंचीहून थोडा अधिक. दोन भाग काठाला काठ लावून जोडले की वरचे पांघरूण झाले, उरलेल्या दोहोंचे खालचे, आणि मध्ये जुन्या धोतरांचे व सदऱ्यांचे थर. मागाचे कापड आडवे टरकावले तर चीर बाण्याच्या धाग्याबरोबरच जाते, आणि काठ तर ताण्याला समांतर असतोच. तेव्हा पट्टी, गुण्या यांपैकी काही हाताशी नसतानाही काटकोन कापडातूनच निघे. मग चौघींनी चार टोके धरावीत, कापड ताणावे, आणि थर पसरून काठाकडून मध्याकडे धावदोरा घालीत जावे.

या व्यवस्थेला धक्का दिला तो गिरणीच्या कापडाने. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये ती गिरणी सुरू झाली, आणि त्यानंतरच्या दशकांत लँकेशायरच्या व देशी गिरण्यांचे ठाण खेड्यापाड्यांतील बाजारांत पोहोचले. या कापडाला खळ दाबून दिलेली असे आणि अखेरच्या संस्कारांत ते यंत्रावर ओढले जाई, त्यामुळे त्याचा बाणा पुष्कळदा तिरका होऊन बसे. दुकानात ते कडक आणि चौरस दिसे. पहिल्या धुण्यात खळ निघाली की धागा आपल्या मूळ जागी जाऊ पाही आणि शिवण वाकडी होई. अशा कापडासाठी कातरीपूर्वी तीन कामे आवश्यक झाली. ते भिजवून वाळवायचे. पन्ह्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत बाण्याचा एकच धागा ओढून काढायचा आणि त्याच्या रिकाम्या रेषेवर कापायचे. मग काठावर काठ ठेवून घडी घालायची. घडीची टोके जुळली नाहीत, तर जे दोन कोपरे आखूड पडतात ते धरून कापड उरेब ओढायचे, आणि टोके जुळेपर्यंत पुन्हा घडी घालून पाहायची.