गजकर्णासारखा दिसणारा त्वचेचा कॅन्सर: मायकोसिस फंगॉइड्स म्हणजे काय?

मांडीवर किंवा कमरेखाली लालसर चट्टा येतो, खाज सुटते. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं की तो फिकट होतो, थांबवलं की पुन्हा दिसतो. बहुतेकदा हा गजकर्ण किंवा इसब असतो. पण क्वचित, वर्षानुवर्षं न जाणाऱ्या अशा चट्ट्यामागे 'मायकोसिस फंगॉइड्स' हा दुर्मीळ कॅन्सर असू शकतो.

नावात बुरशी, आजारात नाही

फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ जाँ-लुई अलिबेर यांनी १८०६ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. रुग्णाच्या अंगावरच्या गाठी अळंबीसारख्या दिसत होत्या, म्हणून हे नाव पडलं. प्रत्यक्षात हा बुरशीचा संसर्ग नाही. रक्तातल्या 'टी' प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा हा कॅन्सर त्वचेत सुरू होतो. तो संसर्गजन्य नाही.

ओळखायचा कसा?

सुरुवातीचे चट्टे सहसा कपड्यांनी झाकलेल्या भागांवर येतात: नितंब, मांड्या, पोट, पाठ. सावळ्या त्वचेवर ते लाल न दिसता पांढुरके दिसू शकतात. त्यामुळे कोड किंवा कुष्ठरोगाची शंका येते. पुढे चट्टे जाड होतात, काही रुग्णांमध्ये गाठी येतात.

खात्री बायोप्सीनेच होते, म्हणजे त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासतात. सुरुवातीला पेशी इसबासारख्याच दिसतात, त्यामुळे एक अहवाल 'नॉर्मल' आला तरी काही महिन्यांनी पुन्हा बायोप्सी करावी लागू शकते. स्टेरॉइड मलमामुळे खुणा पुसट होतात. म्हणून आधी काय काय लावलं होतं, हे डॉक्टरांना नक्की सांगावं. शक्य असल्यास डॉक्टर बायोप्सीआधी काही आठवडे मलम बंद ठेवायला सांगतात.

उपचार

सुरुवातीच्या टप्प्यात थेट केमोथेरपी देत नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीव्र स्टेरॉइड मलम किंवा अतिनील किरणांचे उपचार दिले जातात. गाठींवर रेडिएशन चांगलं काम करतं. आजार वाढला तर गोळ्या, इंजेक्शनं आणि केमोथेरपीचा विचार होतो.

आजार परत येऊ शकतो, त्यामुळे नियमित तपासणी गरजेची असते. मात्र थोड्याच त्वचेवर चट्टे असताना निदान झालेले बहुतेक रुग्ण जवळपास सामान्य आयुर्मान जगतात.

डॉक्टरांकडे कधी जावं?

योग्य उपचारानंतरही चट्टा काही महिने टिकला, वारंवार परतला किंवा जाड होऊ लागला, तर मलम बदलत बसू नये. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून 'बायोप्सी करायची गरज आहे का?' असं थेट विचारावं.