बख्शिश आणि उजरत

फारसीत 'बख्शीदन' म्हणजे देणे, आणि माफ करणेही. दोन्हींत देणाऱ्याचा हात वर असतो. मराठीने हा शब्द घेतला आणि शाळेत नेऊन बसवला: स्पर्धेत पहिले आल्यावर मिळते ते बक्षीस. दिवाळीत नोकरमाणसांना पोस्त देतात, ईदला पोरांना ईदी. वेटरला देतो ती टिप.

उजरत हा वेगळा शब्द. ती ठरलेली असते, मागता येते. घाम सुकण्याआधी देऊन टाका असे हदीस सांगते, ते उजरतीबद्दल, बख्शिशीबद्दल नव्हे.

हे दोन शब्द एकमेकांत मिसळले की काय होते, ते अमेरिकेच्या रेल्वेत बघावे. 1865 मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. 1867 मध्ये शिकागोच्या जॉर्ज पुलमन यांनी झोपायच्या आलिशान डब्यांची कंपनी काढली आणि डब्यांतल्या चाकरीसाठी नुकतेच मुक्त झालेले काळे पुरुष घेतले. बिछाने घालायचे, सामान उचलायचे, रात्री प्रवाशांचे बूट चमकवायचे. पॉलिशचा खर्चही त्यांच्याच खिशातून. पगार इतका तुटपुंजा की घर टिपेवरच चालायचे. प्रवासी सगळ्यांना 'जॉर्ज' म्हणून हाक मारत. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखायची जुनीच रीत.

1897 ते 1911 या कंपनीचे अध्यक्ष कोण होते? रॉबर्ट लिंकन, अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव! 1915 मध्ये सरकारी आयोगापुढे पोर्टरच्या पगाराचा आकडा आला: महिना साडेसत्तावीस डॉलर. टिप देणाऱ्या प्रवाशाला आपण उदार आहोत असे वाटत असणार. प्रत्यक्षात तो कंपनीच्या वाट्याचा पगार भरत होता, आणि पोर्टरला त्यासाठी हसत उभे राहावे लागत होते.

1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांची संघटना उभी राहिली. टिपेवर अवलंबून राहावे लागणार नाही असे वेतन द्या, ही त्यांची मागणी. करार व्हायला 1937 उजाडले. महिन्याचे जवळपास 400 तासांचे काम 240 तासांवर आले.

पण हॉटेलांत तीच गोष्ट चालू राहिली. 1966 च्या दुरुस्तीने टिप किमान वेतनात मोजायची मुभा मालकांना दिली. आजही अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी चालतात, बाकीची भर टिपेने पडली तर. हा आकडा 1991 पासून हललेला नाही.

आपल्याकडचा घोळ निराळा. बिलात 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावू नये असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितले, दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये ते उचलून धरले. हा चार्ज मालकाच्या गल्ल्यात जातो. म्हणून तो काढायला सांगून मी साधारण दहा टक्के रोख वेटरच्या हातात देतो. टपरीवर मालकच चहा देतो, तिथे टिपेचा प्रश्नच येत नाही. रिक्षावाल्याकडे सुटे नसताना पाच रुपये सोडले, तर त्याला टिप म्हणून मिरवायचे कारण नाही.

भांडी घासणारा पोरगा मात्र टेबलापर्यंत कधी येत नाही. टिपेत त्याचा वाटा असतो का, हे मी हल्ली वेटरलाच विचारतो. कुठे असतो, कुठे वेटर नुसता हसतो.