प्रिंटर : दूरस्थ स्थितिनिरीक्षण व इशाराव्यवस्था

संगणकजालाला जोडलेल्या प्रिंटरमध्ये कागद आहे की नाही, टोनर किती उरला आहे, झाकण उघडे आहे काय, कागद कोठे अडकला आहे इ. गोष्टी प्रिंटरपाशी न जाता जाणून घेण्याची आणि बिघाड झाल्यास अथवा होण्याची चिन्हे दिसल्यास योग्य माणसाला आपोआप कळविण्याची व्यवस्था. पहिल्या भागास स्थितिनिरीक्षण व दुसऱ्या भागास इशारा म्हणता येईल. कार्यालयीन व्यवहारात या व्यवस्थेकडे किरकोळ सोय म्हणून पाहिले जाते. तिचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. बिघाड कोणाला कळावा, किती आधी कळावा आणि काहीच कळले नाही तर त्याचा अर्थ काय घ्यावा, हे प्रश्न प्रत्येक पिढीतील यंत्रांबरोबर पुनःपुन्हा उपस्थित झालेले आहेत.

सुरुवातीच्या संगणकांचे ओळमुद्रक संगणककक्षातच असत व त्यांच्यापाशी चालक उपस्थित असे. यंत्राचा आवाज बदलला की बिघाड त्याच्या लक्षात येई. वेगळ्या इशाऱ्याची गरज भासत नसे. १९७० मध्ये सेंट्रॉनिक्स कंपनीच्या प्रिंटरबरोबर आलेल्या समांतर जोडणीत अक्षरे वाहून नेणाऱ्या तारांखेरीज ‘व्यग्र’, ‘कागद संपला’, ‘दोष’ अशा अर्थांच्या स्वतंत्र तारा होत्या. पुढे वैयक्तिक संगणकांनी हीच जोडणी स्वीकारल्याने हे मोजके संकेत जगभर रूढ झाले. ते केबलच्या लांबीपुरतेच, म्हणजे काही मीटर अंतरापर्यंत, पोहोचत. त्याच टेबलावर बसलेल्या माणसाला तेवढे पुरेसे होते.

अंतर वाढले ते लेसर प्रिंटरमुळे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ मध्ये पहिला लेसर प्रिंटर सिद्ध केला. असे महागडे यंत्र प्रत्येकाला देणे शक्य नव्हते. अनेक संगणकांनी ते वाटून घ्यावे ही निकड, १९७३ मध्ये त्याच केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडलेल्या ईथरनेट या संगणकजालामागील एक कारण होती. प्रिंटर सामाईक झाला, तसा तो प्रत्येकाच्या नजरेआडही गेला. हुकूम देऊन अर्ध्या तासाने कागद आणायला जावे, तर यंत्र पहिल्याच पानावर अडकून पडलेले आणि मागे दहा जणांची कामे खोळंबलेली, असा अनुभव नित्याचा झाला.

या खोळंब्यावरील एक जुना व अर्थपूर्ण उपाय मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत योजण्यात आला. तेथील रिचर्ड स्टॉलमन या तरुण आज्ञावलीकाराला प्रिंटरची यांत्रिक खोड दुरुस्त करता येण्याजोगी नव्हती. म्हणून त्याने आज्ञावलीत दोन गोष्टी घातल्या. एक लहान संगणक ठराविक काळाने प्रिंटरची स्थिती विचारून मुख्य संगणकाला कळवी; आणि कागद अडकल्याचे समजताच, ज्यांची कामे रांगेत आहेत अशा सर्वांच्या पडद्यावर तसा संदेश उमटे. ज्यांची अडचण त्यांनाच कळविल्यामुळे कोणी ना कोणी उठून कागद काढी. संदेश सर्वांना न पाठवता ज्याचे काम अडले आहे त्याला पाठवावा, हे तत्त्व आजच्या महागड्या व्यवस्थांतही बरेचदा पाळले जात नाही.

सु. १९८० मध्ये झेरॉक्सने प्रयोगशाळेला नवा, अधिक वेगवान लेसर प्रिंटर दिला. कागद त्यातही अडके. परंतु त्याची मूळ आज्ञावली सोबत दिलेली नव्हती, त्यामुळे जुनी सोय नव्या यंत्रात बसविता येईना. कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे ती होती. गुप्ततेच्या करारामुळे त्याने ती देण्यास नकार दिला. स्टॉलमन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की, या नकाराने आपल्याला विचार करावयास लावले. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली व त्यातून मुक्त आज्ञावलींची चळवळ उभी राहिली. चळवळीचे कारण एवढे एकच होते असे नाही. तरीही तिच्या मुळाशी प्रिंटरच्या इशाऱ्याची एक न बसविता आलेली सोय आहे, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

ह्यूलेट-पॅकार्डचा लेसरजेट १९८४ मध्ये आणि प्रिंटर थेट संगणकजालाला जोडणारी जेटडायरेक्ट पाटी १९९१ मध्ये बाजारात आली. दरम्यान संगणकजालातील सर्व उपकरणांना एकाच पद्धतीने प्रश्न विचारता यावेत म्हणून एसएनएमपी ही संकेतप्रणाली तयार झाली होती. तिचे रूढ झालेले रूप मे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात दोन मार्ग आहेत. निरीक्षक संगणक ठराविक अंतराने विचारणा करतो, हा पहिला. आणि उपकरण स्वतःहून बातमी धाडते, हा दुसरा. दुसरा मार्ग तत्पर खरा, पण मूळ पद्धतीत अशा बातमीची पोच मिळत नाही, त्यामुळे ती वाटेत हरवली तर दोन्ही बाजूंना पत्ता लागत नाही. म्हणून जाणकार दोन्ही मार्ग एकत्र वापरतात.

प्रिंटरला कोणते प्रश्न विचारावेत, हे मार्च १९९५ च्या प्रिंटरविषयक माहितीसारणीने ठरविले व जून २००४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. ट्रेमधील कागद, टोनरची पातळी, झाकणे, छापलेल्या पानांची एकूण संख्या इत्यादींना त्यात ठरलेले क्रमांक आहेत. टोनरची पातळी सांगताना प्रिंटर कधीकधी उणे संख्या कळवितो : उणे दोन म्हणजे ‘माहीत नाही’, उणे तीन म्हणजे ‘थोडा तरी शिल्लक आहे’. ही खूण न ओळखता तिची टक्केवारी काढणारी आज्ञावली हास्यास्पद इशारे देते. सारणीतील सर्वांत विचारपूर्वक घातलेला रकाना मात्र वेगळाच आहे. प्रत्येक इशाऱ्याबरोबर तो बिघाड कोणी दूर करावा—कोणीही, शिकविलेल्या कर्मचाऱ्याने, की कंपनीच्या दुरुस्तकाने—हेही प्रिंटरने सांगावे, अशी तरतूद त्यात आहे. कागद भरण्यासाठी दुरुस्तकाला बोलावणे आणि तापक जळाला असता शिपायाला पाठविणे, हे दोन्ही त्यामुळे टळू शकते.

विचारणा करून उत्तरे तोलण्याचे काम स्वतंत्र आज्ञावली करतात. त्यांपैकी ईथन गॅलस्टॅड यांची १९९९ मधील नेटसेंट (२००२ पासून नागिओस) विशेष प्रसार पावली. तिच्यात प्रत्येक गोष्टीच्या चार अवस्था मानल्या आहेत : ठीक, इशारा, गंभीर व अज्ञात. इशारा व गंभीर यांच्या मर्यादा वापरणाऱ्याने ठरवावयाच्या असतात. दोन पातळ्यांची ही कल्पना चिपळूणच्या (जि. रत्नागिरी) रहिवाशाला समजावून सांगावी लागत नाही. वाशिष्ठी नदीची इशारा पातळी ५ मी. व धोका पातळी ७ मी. मानली जाते. पहिली ओलांडली की सामान वर हलवावयाचे, दुसरी ओलांडली की स्वतः हलावयाचे, हे तेथे पावसाळ्यात घरोघरी ठाऊक असते. इशारा पातळीचे मोल ती किती उंच आहे यावर नसून तिच्यानंतर हाती किती वेळ उरतो यावर असते.

टोनरची मर्यादाही याच न्यायाने ठरवावी लागते. पुण्यातील कार्यालयात १० टक्के टोनर उरला असता इशारा मिळणे पुरेसे असेल, कारण नवे कार्ट्रिज त्याच दिवशी मिळते. चिपळूणला ते मुंबई-गोवा महामार्गाने किंवा कराडहून कुंभार्ली घाटाने यावयाचे. परशुराम व कुंभार्ली या दोन्ही घाटांत पावसाळ्यात दरडी कोसळून वाहतूक थांबण्याचे प्रसंग येतात. तेव्हा तेथे जुलैमधली मर्यादा जानेवारीतल्या मर्यादेपेक्षा वर ठेवणे शहाणपणाचे ठरते. बहुतेक ठिकाणी उत्पादकाने घालून दिलेला आकडा बारा महिने तसाच राहतो, तो केवळ आळसामुळे. कोकणातील दमट हवेचाही विचार हवा. उघडा राहिलेला कागद ओलावा शोषतो, त्याला बाक येतो व तो वारंवार अडकतो. प्रिंटर ‘कागद अडकला’ एवढेच कळवितो. कारण त्याला उमगत नाही. अडकण्याच्या नोंदी महिनावार मांडल्या, तर दोष यंत्राचा की कागद ठेवण्याच्या पद्धतीचा, याचा उलगडा होण्याची शक्यता असते.

चौथी अवस्था, म्हणजे ‘अज्ञात’, सर्वांत दुर्लक्षित राहते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण शहराचा मोठा भाग बुडाला. २६ जुलै २००५ च्या पुरानंतरचे हे मोठे संकट होते. वीजपुरवठा खंडित झाला व मोबाइल सेवाही कोलमडली. अशा वेळी तळमजल्यावरील प्रिंटर आपण बुडत असल्याचे कळवू शकत नाही. त्याच्याकडून काहीच येत नाही. केवळ उपकरणाने धाडलेल्या बातम्यांवर विसंबलेल्या व्यवस्थेत ही शांतता आणि सर्व ठीक असल्याची शांतता सारखीच दिसते. निरीक्षक संगणक त्याच इमारतीत, त्याच विजेवर असेल, तर तोही मुका होतो. म्हणून निरीक्षक दुसऱ्या गावी असावा, शेवटचे उत्तर केव्हा आले याची वेळ त्याने नोंदवावी आणि उत्तर न येणे हाच एक इशारा समजावा. पूर ओसरल्यावर पंचनामे, मदतीच्या याद्या व दाखले यांसाठी प्रिंटरची निकड एकदम वाढते. कोणती यंत्रे उत्तर देत आहेत याची यादी तेव्हा उपयोगी पडते.

व्यवस्था उभारताना प्रिंटरला जालावरील कायम पत्ता द्यावा लागतो, अन्यथा पत्ता बदलताच निरीक्षक भलत्याच यंत्राला प्रश्न विचारू लागतो. ‘पब्लिक’ हा सर्वांना ठाऊक असलेला परवलीचा शब्द बदलणे आवश्यक असते. डिसेंबर २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटविण्याची व मजकूर सांकेतिक करण्याची सोय आहे, परंतु अनेक कार्यालयांत ती न वापरता जुनी आवृत्तीच चालू ठेवली जाते. एका चुकलेल्या उत्तरावर लगेच संदेश धाडू नये. दोन-तीन वेळा खात्री करून घ्यावी, नाहीतर खोट्या इशाऱ्यांना कंटाळून माणसे खरे संदेशही वाचेनाशी होतात. पावसाळ्यापूर्वी एकदा कागदाचा ट्रे मुद्दाम ओढून ठेवतात, नंतर प्रिंटरची वीज बंद करतात, आणि दोन्ही वेळा संदेश कोणाच्या हाती व किती मिनिटांनी पडला हे घड्याळ लावून पाहतात.