टॉमस सायमन : ठसे आणि राजमुद्रांचा कारागीर

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये नाण्यांचे ठसे आणि राजमुद्रा कोरण्यात टॉमस सायमनच्या तोडीचा कारागीर दुसरा नव्हता. त्याचा जन्म १६१८ च्या सुमाराचा. १६३५ मध्ये तो लंडनच्या टांकसाळीचा मुख्य कोरक एडवर्ड ग्रीन याच्याकडे उमेदवारीला लागला. या कामात पोलादाच्या तुकड्यावर चेहरा खोलगट आणि उलटा कोरावा लागतो. मग पोलादाला पाणी देऊन ठसा कठीण केला जातो.

राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध चालू असताना, १६४५ मध्ये, पार्लमेंटने सायमनला एडवर्ड वेडच्या जोडीने मुख्य कोरक नेमले. १६४९ मध्ये राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला आणि राजमुद्रेवर राजाची प्रतिमा घालण्याचा प्रश्नच उरला नाही. सायमनच्या १६५१ च्या मुद्रेवर एकीकडे इंग्लंड व आयर्लंडचा नकाशा, तर दुसरीकडे सदस्यांनी भरलेले कॉमन्स सभागृह आहे. इतक्या लहान जागेत इतकी माणसे कोरूनही गर्दीचा गोंधळ होत नाही, ही त्याच्या हाताची खरी कमाल. डनबारच्या लढाईतील विजयाच्या पदकासाठी तो पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याचे चित्र काढायला एडिंबरोला गेला. पदकावर आपला चेहरा नको, असे क्रॉमवेलने कळवले होते. तरी तो उमटलाच. पुढे क्रॉमवेल राज्यप्रमुख झाल्यावर त्याच्या नाण्यांचे ठसेही सायमननेच कोरले. १६५८ च्या क्राउन या नाण्याच्या ठशाला तडा गेला, आणि ती रेघ नाण्यावरच्या क्रॉमवेलच्या मानेजवळ उमटलेली दिसते.

१६६० मध्ये राजेशाही परत आली आणि दुसरा चार्ल्स गादीवर बसला. सायमनने त्याचीही कामे केली, परंतु यंत्रावर पाडायच्या नव्या नाण्यांचे काम अँटवर्पच्या जॉन रोटियर्सला मिळाले. त्यावर सायमनने १६६३ मध्ये नमुन्याचा एक क्राउन घडवला आणि त्याच्या कडेवर दोन ओळींत राजाला विनंती कोरली : हा नमुना डच कारागिराच्या, म्हणजे रोटियर्सच्या, कामाशी ताडून पाहावा आणि सरस ठरल्यास आपल्याला न्याय द्यावा. नाण्याच्या कडेवर एवढा मजकूर स्वच्छ कोरणे हाच त्याच्या अर्जाचा सर्वांत भक्कम पुरावा होता. चार्ल्सच्या चेहऱ्यावरचा जिवंतपणा पाहता सायमनचा दावा खरा वाटतो. पण निर्णय बदलला नाही.

१६६५ मध्ये लंडनला प्लेगने घेरले, त्याच वर्षी सायमनचे निधन झाले. त्याच्या पदके, नाणी आणि मुद्रांवरचा ग्रंथ जॉर्ज व्हर्ट्यू या कोरीव चित्रकाराने १७५३ मध्ये प्रसिद्ध केला.